आक्काला पाठवलेला कुटिन्हो

परवा रात्री साडेदहाला आक्काचा फोन आला. "ह्यो कुटिन्हो कोण रे? त्याचं वाटोळं झालं म्हणं?"

माझी आक्का जन्मात कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमची पायरी चढलेली नाही. पीटीएम आणि शिवाजी ह्या आमच्या दोन फुटबॉल संघांच्या मॅचला अख्खी पेठ ओस पडते तेव्हा ती निवांत पापड लाटते. तिला ब्राझीलचा फुटबॉलपटू कुटिन्हो कुठून कळला? तर आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाच्या ग्रुपवर महिनाभर फिरणारी पोस्ट एका जाणत्या माणसाने खास तिला पाठवली होती. खाली स्वतःची ओळ जोडलेली : "ताई, पोराचा विचार करा."

पोरगा म्हणजे माझा भाचा. सोळा वर्षांचा, डावा बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू. पुढच्या रविवारी पुण्यातल्या एका निवासी फुटबॉल अकादमीची चाचणी आहे. तो गेला तर तालमीला पुढच्या हंगामात डावीकडे कोणी नाही, हे खरं दुखणं. ते सरळ सांगायचं सोडून मधे ब्राझीलचा माणूस घातला. तालमीचं नाव लिहीत नाही, घरचंच भांडण आहे.

पोस्ट थोडक्यात अशी : इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबने कुटिन्होला मोठं केलं. २०१८ मध्ये तो पैशाच्या मोहाने स्पेनच्या बार्सिलोनाला गेला. त्याच पैशातून लिव्हरपूलने व्हॅन डाइक आणि अ‍ॅलिसन हे दोघे खेळाडू घेतले आणि युरोप, म्हणजे चॅम्पियन्स लीग, जिंकला. बार्सिलोना बुडाली, कुटिन्हो संपला. आपली माती सोडणाऱ्याचं असंच होतं.

आधी पैशाचं बघू, कारण तिथं तारखा आहेत. व्हॅन डाइक येणार हे लिव्हरपूलने २७ डिसेंबर २०१७ ला जाहीर केलं, किंमत साधारण साडेसात कोटी पौंड. कुटिन्हो जाणार हे त्याच क्लबने जाहीर केलं ६ जानेवारी २०१८ ला. दहा दिवस नंतर. ही दोन्ही निवेदनं क्लबची स्वतःची आहेत, कुणा पत्रकाराची कुजबुज नाही. पैसे येणार हे मालकांना डिसेंबरातच दिसत असेल, हे मी मान्य करतो. पण व्हॅन डाइक त्यांना त्या उन्हाळ्यापासूनच हवा होता. इतका, की त्याच्या तेव्हाच्या क्लबची, साउदॅम्प्टनची, परवानगी न घेता त्याच्याशी बोलणं केल्याचा बोभाटा झाला आणि जून २०१७ मध्ये लिव्हरपूलला जाहीर माफी मागून मागं सरकावं लागलं. तेव्हा कुटिन्हो विकायचा विचारही नव्हता. ऑगस्टमध्ये त्याने स्वतः बदली मागितली तरी मालकांनी "कोणतीही ऑफर विचारात घेणार नाही" म्हणून दार लावलं होतं.

अ‍ॅलिसनचं अर्धं खरं आहे, चला. तो जुलै २०१८ मध्ये इटलीच्या रोमा क्लबकडून आला आणि तेव्हा तिजोरीत कुटिन्होचे पैसे होते. पण त्याला आणावा का लागला? मे महिन्यात रेआल माद्रिदविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये गोलकीपर कारियसने दोन गोल अक्षरशः हातानं दिले म्हणून. कुटिन्हो गेला नसता तरी गोलकीपर शोधावाच लागला असता.

बार्सिलोना बुडाली? सौदा वाईट होता, याबद्दल वाद नाही. बारा कोटी युरो रोख, वर चार कोटींपर्यंत अटींचे, आणि २०२२ मध्ये अ‍ॅस्टन व्हिलाला विकताना हातात आले दोनेक कोटी. पण कारण मातीबिती काही नव्हतं. ऑगस्ट २०१७ मध्ये बार्सिलोनाच्या नेमारला पॅरिसच्या क्लबने २२ कोटी २० लाख युरो मोजून नेलं होतं आणि बार्सिलोनाच्या खिशात किती खुळखुळतंय हे साऱ्या युरोपला ऐकू येत होतं. आपल्या मार्केट यार्डात गुळाच्या सौद्याला असा खिसा वाजवत जाऊन बघा, काय भाव लागतो ते. त्यातूनही कुटिन्हो आल्यावर त्यांनी लागोपाठ दोनदा स्पेनची लीग, ला लिगा, जिंकली. २०१८ च्या कोपा देल रे ह्या स्पेनच्या चषकाच्या फायनलमध्ये सेव्हियाला ५-० हाणलं, त्यात एक गोल ह्या संपलेल्या माणसाचा.

आता "संपला". बार्सिलोनाच्या घरच्या मैदानावर, कॅम्प नोवर, प्रेक्षकांनी त्याला शिट्ट्या मारल्या, ७ मे २०१९ ला अ‍ॅनफिल्ड ह्या आपल्या मैदानावर लिव्हरपूलने ४-० ने उडवलं तेव्हा तो उडालेल्या बाजूला होता. ते मी पण रात्रभर जागून बघितलंय. पण पोस्ट तिथंच थांबते, कारण पुढचं सोयीचं नाही. पुढच्या हंगामात बार्सिलोनाने त्याला जर्मनीच्या बायर्नकडे उसना दिला. १४ ऑगस्ट २०२० ला लिस्बनमध्ये तो बार्सिलोनाविरुद्धच बदली म्हणून उतरला, एक गोल करवला, दोन स्वतः मारले. स्कोअर ८-२, बायर्नच्या बाजूनं. नऊ दिवसांनी बायर्न चॅम्पियन्स लीग जिंकली आणि फायनलमध्येही तो मैदानात उतरला होता. लिव्हरपूलमध्ये पाच वर्षांत जे मिळालं नाही ते गळ्यात पडलं. असलं संपणं माझ्या भाच्याच्या नशिबी येवो.

आणि ती माती. हा शब्द आमच्याकडे जड आहे. आमचा फुटबॉलच तालमींच्या नावावर चालतो, म्हणून "माती सोडली" म्हटलं की आक्कासारख्या बाईच्या पोटात गोळा येतो. पाठवणाऱ्याला हे पक्कं ठाऊक होतं. पण कुटिन्होची माती लिव्हरपूल कधीपासून झाली? तो रिओचा. तिथल्या वास्को द गामा क्लबात वाढला, तिथून इटलीच्या इंटरला, तिथून स्पेनच्या एस्पान्योलला उसना, आणि जानेवारी २०१३ मध्ये साधारण ८५ लाख पौंडांत लिव्हरपूलला. कुणी तरी त्याच्या आईला तेव्हा "ताई, पोराचा विचार करा" पाठवलं असतं, तर लिव्हरपूलकडे विकायला कुटिन्होच नसता. पोस्टमधले बाकीचे हिरो बघा. व्हॅन डाइक नेदरलँड्स सोडून सेल्टिक, मग साउदॅम्प्टन. अ‍ॅलिसन पोर्तो अलेग्रे सोडून रोम. त्याच संघातला सालाह कैरोतून बासेल. ज्या संघाच्या नावानं "घर सोडू नका" सांगताय, तो सगळा घर सोडलेल्यांचा संघ आहे. खऱ्या अर्थानं तिथलाच एक पोरगा होता, अलेक्झांडर-आर्नोल्ड. तो २०२५ मध्ये माद्रिदला गेला.

इतकं लांब तरी कशाला जायचं? आपल्या कुस्तीच्या तालमींत, गंगावेशीत, मोतीबागेत, शाहूपुरीत जाऊन बघा. गावोगावची पोरं आईबाप सोडून वर्षानुवर्षं राहतात, घुमतात, खुराक खातात. त्यांच्याच जिवावर कुस्तीची पंढरी म्हणून मिरवतो आपण. पोरं आत आली की परंपरा आणि एक बाहेर निघाला की वाटोळं? २०१७ चा सतरा वर्षांखालील वर्ल्डकप भारतात झाला, तेव्हा कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या जर्सीत बघून ह्याच मंडळींनी स्टेटस ठेवलं होतं. तो पेठेत बसून निवडला गेला होता का?

तालमीला खरंच तोटा-फायदा मोजायचा असेल तर एक गोष्ट सांगतो, ती त्या पोस्टमध्ये नाही. आंतरराष्ट्रीय बदलीच्या रकमेतले पाच टक्के फिफाच्या नियमाने त्या खेळाडूला बारा ते तेवीस ह्या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. २०१८ च्या त्या सौद्यात वास्कोचाही हिस्सा होता, कारण कोणत्या वर्षी पोरगा कुठं होता ह्याची नोंद होती. आमच्याकडे दोन हंगामांपूर्वीच्या नोंदणीचे कागद मागितले तर कपाटाची चावी कुणाकडं आहे इथून सुरुवात होते.

हे सगळं मी आक्काला फोनवर सांगितलं, ओरडूनच. तिनं ऐकून घेतलं. पाच टक्क्यांत तिला रस नव्हता. तिनं एकच विचारलं, "मग पुढं कुठं गेला तो?"

म्हटलं, २०२४ च्या जुलैत परत वास्कोला गेला. जिथं लहानपणी खेळायचा तिथं.

"म्हणजे आला की परत घरी," आक्का म्हणाली, आणि रविवारची पुण्याची पहिली एसटी किती वाजता ते बघायला सांगून फोन ठेवला.