सफाई कामगार कंपनीच्या पटावरून कसा गेला

काल कट्ट्यावर वाद पेटवला तो सुहासने. अ‍ॅन केस आणि अँगस डीटन या अर्थतज्ज्ञ जोडप्याने अमेरिकेवर केलेल्या अभ्यासातला एक आलेख त्याने मोबाइलवर काढला. पंचविशीतल्या माणसाचं पुढचं आयुष्य किती, याच्या दोन रेघा. वरची चार वर्षांची पदवी असलेल्यांची, खालची नसलेल्यांची. 1992 मध्ये दोन्हींत अडीच वर्षांच्या आसपास फरक होता, 2021 मध्ये साडेआठ. कोविडमुळे तो फुगला म्हणावं, तर 2019 लाच सहाच्या वर गेला होता. खालच्या रेघेत तिथले निम्म्याहून जास्त प्रौढ येतात, हे ऐकून मी गप्पच झालो.

"शिकले नाहीत की हे असं होतं," सुहास म्हणाला. "सगळ्यांना कॉलेजात घाला, प्रश्न मिटला."

महेशला ते पटलं नाही. "अरे, पूर्वी धडधाकट, हुशार माणसंही डिग्रीविना कामाला लागायची. आता ती कॉलेजात जातात आणि मागे आधीच अडचणीत असलेले उरतात. मग रेघ खाली दिसणारच."

मुद्दा खोटा नाही, थोडा फरक त्यातून येत असेलही. पण कॉलेजं इतर श्रीमंत देशांतही वाढली. केस आणि डीटन यांनी 2015 मध्ये दाखवलं ते हेच, की फ्रान्स, जर्मनी, स्वीडनमध्ये मध्यमवयीनांचे मृत्यू कमी होत राहिले आणि अमेरिकेतल्या गोऱ्यांमध्ये मात्र वाढले. आत्महत्या, अमली पदार्थ, दारूने गेलेलं यकृत.

हे अमेरिकेतच का, हे दाखवायला मग मी पावतीच्या पाठीवर हिशोब मांडला. दुसऱ्या महायुद्धात तिथे पगारवाढीवर सरकारी लगाम आला, तेव्हा कंपन्यांनी माणसं टिकवायला आरोग्यविमा देऊ केला आणि पुढे तीच पद्धत झाली. 2019 मध्ये कुटुंबाच्या विम्याचा वर्षाचा हप्ता सरासरी 20,000 डॉलरवर होता, त्यातले 14,000 हून जास्त मालक भरायचा. आता धरा, इंजिनिअरला पगार 1,50,000 आणि सफाई कामगाराला 30,000. हप्ता दोघांचा तोच, मालकाचा वाटाही तोच. इंजिनिअरच्या बाबतीत हा वाटा पगाराचा दहावा हिस्साही नाही, सफाई कामगाराच्या बाबतीत जवळजवळ निम्मा. कंपनी कोणाला पटावरून काढून ठेकेदाराकडे ढकलेल?

मंजूने पावती हातात घेऊन दोनदा वाचली. "म्हणजे आजारपणासाठी केलेली सोयच त्याची नोकरी खाते."

"मग विम्याचे पैसे करातून द्यायचे का? कर कोण भरणार?" सुहास.

"आत्ता तरी कोण भरतंय? मालकाचा वाटा शेवटी पगारातूनच कापला जातो, फक्त पगाराच्या चिठ्ठीवर दिसत नाही," मी म्हणालो.

सुहास तरी हटेना. नोकरी गेली म्हणून माणूस मरत नाही, नशेच्या गोळ्यांनी मेला, असं त्याचं म्हणणं.

"आणि नव्वदच्या दशकापासून त्या वेदनाशामक गोळ्या लिहून कोणी दिल्या? डॉक्टरांनीच ना?" मंजू म्हणाली.

यावर सुहासने मोबाइल पुन्हा उघडला आणि खालची रेघ बोटांनी मोठी करून बघत बसला.