साध्या आनंदामागचं काम कोण करतं?

मराठी घरात एकमेकांना "धन्यवाद" म्हणायची रीत नाही. आईनं ताट वाढलं आणि पोरगं "धन्यवाद, आई" म्हणालं, तर पोराला ताप तर नाही ना, असं तीच बघेल. आपल्याकडे ही भावना दुसऱ्या शब्दांत येते. "तू बस, मी वाढतो." "तुझ्यासाठी काढून ठेवलंय." "जेवला का?" या तिन्ही वाक्यांत कोणीतरी कोणासाठी काहीतरी करतंय, किंवा करायला उठतंय.

म्हणून घरात मुलांना कृतज्ञता शिकवायची म्हणजे शब्द शिकवायचे, असं मला वाटत नाही. साधी गोष्ट साधी दिसते, कारण आधी कोणीतरी खपलेलं असतं. ते खपणं मुलांना दिसलं पाहिजे आणि थोडं त्यांच्याही हातून झालं पाहिजे. नाहीतर रविवारचा आनंद सगळ्या घराचा आणि रविवारची कंबरदुखी एकट्या आईची, हा हिशेब वर्षानुवर्षे चालू राहतो आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

नागपुरात याची सुरुवात करायला आत्ताचे दिवस फार चांगले आहेत. फेब्रुवारी संपत आलाय, होळी तोंडावर आहे. बाजारात मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या झाडांची, संत्री आहेत, सांबार (पुण्याकडच्या वाचकांसाठी, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर) अजून स्वस्त आहे आणि कूलर काढायची वेळ झाली आहे.

कूलरपासूनच सुरुवात करू, कारण नागपूरच्या उन्हाळ्यात घराला एकत्र आणणारी याहून मोठी वस्तू नाही. मे 2013 मध्ये या शहरानं 47.9 अंश पाहिले आहेत. दुपारी हवा इतकी कोरडी असते की ओला गमछा दोरीवर टाकून वळेपर्यंत वाळतो. ही कोरडी हवाच आपलं नशीब आहे. 44 अंशांची हवा ओल्या गवतातून गेली की पाणी उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. खोलीत येणारा झोत 28 अंशांच्या आसपास असतो. समुद्रकाठच्या दमट शहरांत हे जमत नाही. एका खोलीत एक कूलर, खाली ओळीनं गाद्या आणि सगळं घर त्याच्यासमोर, हे सुख कोरड्या उन्हाचं आहे. मुलांना हे एकदा समजावून सांगा. आपल्या गावाच्या उन्हाबद्दल कुरकुर करण्याऐवजी त्यांना त्यातली गंमत दिसायला लागते.

कूलर लावणं हे एका माणसाचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. चौघं लागले तर दोन तासांत होतं. आधी ताट्या, म्हणजे कूलरच्या बाजूंच्या गवत भरलेल्या चौकटी, काढून जुनं गवत टाकून द्यायचं. मागच्या वर्षीचं गवत वरून बरं दिसलं तरी त्यात खार बसलेला असतो, पाणी नीट झिरपत नाही आणि पहिल्या दिवसापासून कुबट वास येतो. नवं गवत भरताना ते हातानं मोकळं करून सगळीकडे सारखं पसरायचं. हे काम सात-आठ वर्षांची मुलं मन लावून करतात, फक्त गवत टोचतं म्हणून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला सांगा. कुठे विरळ राहिलं की गरम हवा नेमकी तिथूनच घुसते आणि "कूलर गार हवा देत नाही" अशी तक्रार सुरू होते. कूलर बहुतेक वेळा धडधाकट असतो, ताटीला भोक पडलेलं असतं. भरलेल्या ताट्या रात्रभर पाण्यात भिजवा, पहिलं पिवळट पाणी फेकून द्या. वाळा परवडत असेल तर पुढच्या ताटीत थोडा घाला. सगळ्या ताट्या वाळ्याच्या करायची गरज नाही.

वरच्या पन्हळीची भोकं बुजलेली असतात. ती खराट्याच्या काडीनं एकेक मोकळी करायची. पंप जाम असेल तर बादलीभर कोमट पाण्यात दोन चमचे निंबूसत (सायट्रिक ॲसिड) घालून सुटा केलेला पंप तासभर बुडवून ठेवा, खार सुटतो. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत हा त्रास जास्त, कारण पाणी उडून जातं आणि क्षार मागे उरतात.

आता वायरीचं. इथे माझा आवाज जरा कडक होतो. दर उन्हाळ्यात विदर्भात कूलरच्या शॉकनं जीव गेल्याच्या बातम्या येतात आणि त्यात लहान मुलं असतात. लोखंडी बॉडी, खाली पाणी, अनवाणी पाय आणि अर्थिंग नसलेला दोन पिनांचा प्लग, असं सगळं जुळून येतं. तीन पिनांचाच प्लग, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासलेलं, आणि पाणी भरताना नुसतं बटण बंद नाही तर प्लगच बाहेर. प्लग मोठ्या माणसानं काढायचा, तो बाहेर आला आहे हे सगळ्यांना दाखवायचं, मगच मुलांच्या हातात पाइप द्यायचा. हा नियम घरात मोठ्यानं बोलून पाळा. लेकरं नियम कानांपेक्षा डोळ्यांनी शिकतात.

चालवताना आधी पंप, दहा मिनिटांनी पंखा. ताट्या भिजायच्या आत पंखा लावला की खोलीत धूळ आणि गरम वारा येतो. समोरची खिडकी किंवा दार उघडं हवंच. सगळं बंद करून बसलं की अर्ध्या तासात अंग चिकट होतं, कारण ओली हवा बाहेर जायला जागा नसते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कडा घासायच्या. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात आणि अंडी टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात, म्हणून नुसतं पाणी बदलून भागत नाही. घासण्याचा वार ठरवा आणि तो घरातल्या एका पोराच्या नावावर करा. अट एकच, प्लग बाहेर.

हे सगळं केलेलं मूल रात्री कूलरसमोर पडतं तेव्हा त्याला तो वारा वेगळा लागतो. त्यात त्याचं गवत असतं.

संत्र्यांचं थोडक्यात. मृग बहाराचं संत्रं घेताना रंग बघू नका, हातात तोलून बघा. आकाराच्या मानानं जड ते रसाळ, फुगलेलं आणि हलकं ते आतून कोरडं. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, पाच वर्षांचं पोरही सहज सोलतं. म्हणून घरात एक सवय लावा: आपलं संत्रं आपण नाही सोलायचं, दुसऱ्याचं सोलायचं. नातवानं आजीसाठी, बाबांनी आईसाठी. आजीला दात नसतील तर फोडीचं पातळ साल आणि बियाही काढायच्या. संत्रं खायला दोन मिनिटं लागतात, असं सोलायला दहा. या आठ मिनिटांच्या फरकाबद्दल पोरांना वेगळं काही सांगावं लागत नाही.

आता सांबारवडी. सांबारवडी हा एकट्या बाईनं करायचा पदार्थच नाही, तो चार माणसांचा आहे. एकटीनं केला की शेवटची वडी तळेपर्यंत ती इतकी थकते की तिला खायची इच्छा उरत नाही, आणि बाकीचे "वा, काय झाली आहे!" म्हणत ढेकर देतात. ही दाद मला कृतज्ञता वाटत नाही.

पाच माणसांना निवडलेला सांबार 400 ग्रॅम लागतो. हे निवडणं पोरांचं. पानं आणि कोवळ्या काड्या घ्यायच्या, जाड देठ टाकायचे. धुणं आदल्या संध्याकाळी, आणि धुतल्यावर सुती कापडावर रात्रभर पसरून ठेवायचा. इथेच निम्म्या घरांची वडी बिघडते. सांबार ओला राहिला की आवरण आतून भिजतं, तेलात फुटतं आणि कढई काळी होते. चिरायचं काम धारदार विळीवर, एकाच दिशेनं; बारीक करायला मिक्सर अजिबात नको, त्यात पाणी सुटतं.

सारणाला अर्धी वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, दोन चमचे तीळ, दोन चमचे खसखस, पाव वाटी फल्लीदाण्याचं (शेंगदाण्याचं) जाडसर कूट, हे सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण खसखस लवकर करपते आणि खोबऱ्याला वेळ लागतो. सहा हिरव्या मिरच्या आणि दहा लसणाच्या पाकळ्या वाटून दोन पळ्या तेलात परतायच्या, वर चमचाभर काळा मसाला, मग भाजलेलं सगळं. गॅस बंद करून हे पूर्ण गार होऊ द्यायचं आणि मगच सांबार मिसळायचा. अर्ध्या लिंबाचा रस, चमचाभर साखर. मीठ अगदी वड्या भरायच्या वेळी. आधी घातलं की दहा मिनिटांत सारण पाणी सोडतं आणि कालची सगळी वाळवण वाया जाते.

आवरणाला दोन वाट्या बेसन, एक वाटी कणीक, हळद, तिखट, ओवा, मीठ आणि तीन मोठे चमचे कडकडीत मोहन. पुरीसारखं घट्ट भिजवून वीस मिनिटं झाकायचं. मोहन कमी पडलं तर वडी चामट होते, जास्त झालं तर तेलात उकलते. पारी लाटून आतून चिंच, गूळ आणि तिखटाचं बोट फिरवायचं, मधे सारण दाबून भरायचं आणि पाकिटासारखी घडी घालून कडा पाण्यानं चिकटवायच्या. आत हवा राहिली की वडी फुगून फुटते, म्हणून घडी घालताना तळव्यानं हलकं दाबायचं. मध्यम आचेवर एक घाणा सहा-सात मिनिटं. घाई करून आच वाढवली तर वरून लाल आणि आत बेसन कच्चं.

लाटायला एक, भरायला एक, तळायला एक, वडीसोबतच्या कढीकडे एक. बाबा मंडळींनी लाटायला बसावं. पहिल्या चार पाऱ्या आफ्रिकेच्या नकाशासारख्या होतील, पाचवीपासून गोल यायला लागतात. आणि एक नियम घरात कायमचा करून टाका: पहिली वडी तळणाऱ्याच्या तोंडात. देवाला दाखवून झालं की लगेच, कढईजवळच, उभ्या उभ्या. दर दोन घाण्यांनंतर तळणारा बदलायचा, म्हणजे सगळ्यांना गरम मिळते. सणाच्या दिवशी घरातल्या बाईला गार जेवण मिळतं हे आपण इतकं गृहीत धरलंय की त्यात काही चुकतंय असंही वाटत नाही. मला ते फार चुकतंय असं वाटतं.

बोलण्याबद्दल थोडं. "छान झालंय" म्हणून काही पोहोचत नाही. "आज वरणाला हिंग नेमका लागलाय" म्हटलं की करणाऱ्याला कळतं, हा माणूस खरंच जेवतोय. शाळेतून आलेल्या पोराला "काय झालं आज?" विचारलं की उत्तर येतं, "काही नाही." त्याऐवजी "आज तुला कोणी मदत केली?" असं विचारा. पहिले चार दिवस तो विचारात पडेल. मग नावं यायला लागतात: पेन्सिल देणारा मित्र, ऑटोवाले काका, पाण्याच्या टाकीजवळच्या मावशी. आणि हे दोन्ही बाजूंनी हवं. पोरानं न सांगता दुधाची पिशवी आत आणून ठेवली तर ते बोलून दाखवा, "तू दूध आत ठेवलंस, नासलं असतं." आपण चुका रोज मोजतो, ही कामं मात्र आपल्या नजरेतून सुटतात.

काय करू नये, तेही सांगते. जेवताना "आमच्या वेळी हे नव्हतं" नको. मूल तेवढं ऐकून कान बंद करतं. "बघ, त्या गरीब मुलाला हेही मिळत नाही" हे तर मुळीच नको. दुसऱ्याच्या कमतरतेवर आपलं समाधान उभं करायला आपण शिकवतो आणि त्या दुसऱ्या मुलाला छोटं करतो. कृतज्ञतेची वही रोज सक्तीनं लिहायला लावली की तिचा गृहपाठ होतो. आणि कढईतल्या वडीचा फोटो काढेपर्यंत ती गार होते. फोटो नंतर, रिकाम्या ताटांचा काढा.

घराबाहेरची माणसंही यातच आली. आपल्या नळाचं पाणी पेंचच्या नवेगाव खैरी जलाशयातून आणि कन्हान नदीतून येतं, गच्चीवरच्या टाकीत उगवत नाही. मुलांना एकदा नवेगाव खैरीला नेऊन ते पाणी दाखवा. मे महिन्यात कूलर तासाला दहा लिटरच्या वर पाणी सहज पितो. तो जलाशय पाहून आलेलं मूल पाइप उघडा सोडून खेळायला जात नाही. घंटागाडीवाल्या दादांना ओला-सुका कचरा वेगळा करून देणं आणि उन्हात गार पाणी विचारणं, घरी कामाला येणाऱ्या ताईंना वडी आपल्याच ताटलीत आणि गरम असतानाच देणं, उरलेली दुसऱ्या दिवशी डब्यात नाही. मुलांचं या फरकाकडे बारीक लक्ष असतं.

तान्ह्या पोळ्याला आपलीच पोरं लाकडी बैल घेऊन दारोदार जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेऊन येतात. शेतात वर्षभर राबलेल्या बैलाचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी त्याची लाकडी प्रतिमा घेऊन लेकरांनी गल्लीत फिरायचं. राबणाऱ्याचा मान करायचं इतकं गोड शिक्षण आपल्या गावात आधीपासून आहे. या वर्षी बैलाची झूल बाजारातून आणू नका, जुन्या साडीच्या काठाची घरीच शिवा. पोरांना सुई ओवायला लावा.

तूर्त तर हा रविवार आहे. शनिवारी सकाळी कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात गेलात तर सांबाराच्या ताज्या जुड्या मिळतील. संध्याकाळी निवडून, धुऊन, पंख्याखाली पसरून ठेवा, आणि झोपायच्या आधी एकदा हातानं खालीवर करा, खालची पानं ओली राहतात.