आठ सोनेरी, एक काळा आणि बेचाळीस लिटर पाणी

आमच्या कोल्हापुरातल्या अपार्टमेंटच्या ग्रुपवर तो मेसेज पुन्हा फिरून आला. तुमच्याकडंही आला असेल. थोडक्यात असा: घरात छोटा फिश टँक ठेवा, दीड फुटी पुरतो. आठ सोनेरी गोल्डफिश आणि एक काळा असे नऊच मासे असावेत, आपल्या वास्तुशास्त्रात तसं सांगितलंय. मासा टाकीच्या मापानंच वाढतो. एक सकर मासा सोडा, तो सगळी घाण खातो. दुकानात सगळे एकत्र राहतात, तेव्हा शोभेला आणखी कुठलेही टाका. दर रविवारी टाकी पूर्ण धुवा. आणि मासा मेला तर वाईट वाटून घेऊ नका, घरावरचं संकट त्यानं स्वतःवर घेतलं.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी तो मला पाठवून वर लिहिलं, "तुझ्याकडं मासे आहेत न्हवं? हे बरोबर आहे काय बघ जरा." म्हणून एकेक वाक्य धरून बघितलं.

वास्तुशास्त्राचं आधी उरकतो. आठ सोनेरी-एक काळा हा हिशेब चिनी फेंगशुईतला. गोल्डफिशही चीनचाच, हजारएक वर्षांपूर्वी तिथल्या कार्प कुळातल्या साध्या माशापासून निवडून निवडून पैदास केलेला, आणि ठेवायचे तो तळ्यात नाहीतर मोठ्या कुंडात. काचेच्या टाकीत मासे बघण्याची हौस एकोणिसाव्या शतकातली. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं 1853 मध्ये. मानायचं त्यानं खुशाल मानावं, पण आपल्या पूर्वजांच्या नावावर खपवू नये.

आता नऊ गोल्डफिश. दीड फुटी टाकी म्हणजे दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर साधारण 42 लिटर. तळाची वाळू, दोन दगड आणि वरची चार बोटं मोकळी जागा वजा केली की 35 च्या आसपास उरतात. भागिले नऊ. प्रत्येकाच्या वाट्याला चार लिटरसुद्धा येत नाहीत. गंगावेशीत दूध घालायला येणाऱ्याच्या किटलीत याहून जास्त मावतं.

दुकानात तो दोन इंची, गुटगुटीत दिसतो. पण दोन शेपट्यांचा गोल अंगाचा गोल्डफिश 15 ते 20 सेंटिमीटर होतो, एक शेपटीचा सडपातळ असेल तर 30 पर्यंतसुद्धा. सहा-सहा इंचांचे नऊ मासे एकामागे एक लावा: साडेचार फूट मासा, दीड फुटाच्या टाकीत. त्यात त्याला जठर नाही. खाल्लेलं पोटात साठत नाही, म्हणून दिवसभर खायला मागतो आणि दिवसभर घाण करतो. शिवाय तो थंड पाण्याचा. आपल्याकडं एप्रिलमध्ये टाकीचं पाणी सहज 30 अंशांवर जातं. 20 अंशांच्या लिटरभर पाण्यात सुमारे 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, 30 अंशांना साडेसातच. दुपारी लाइट जाऊन पंप बंद पडला की नऊच्या नऊ जण वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. घरातली पोरं म्हणतात, बघ, बोलायलेत.

"मासा टाकीच्या मापानंच वाढतो" हे वाक्य तर दुकानाच्या काउंटरवरही ऐकू येतं. कोंडलेल्या, घाण पाण्यात वाढ खुंटते हे खरं, पण ते उपाशी पोराला "बारीकच आहे, कपडे पुरतात" म्हणण्यासारखं आहे. असा मासा वर्ष-दोन वर्षांत जातो. नीट ठेवलेला गोल्डफिश दहा-पंधरा वर्षं सहज काढतो. ब्रिटनमधला टिश नावाचा एक तर 43 वर्षं जगून 1999 मध्ये गेला. याच वाक्याच्या भरवशावर लोक ती चंदेरी छोटी 'शार्क'ही घेऊन जातात. ती शार्क नव्हेच, पंगास आहे. वाढला की मीटरभराच्या वर जातो, आणि हॉटेलात बासा म्हणून त्याचीच तुकडी ताटात येते. दिवाणखान्यात ठेवायचा हा मासा नव्हे, फ्राय करायचा.

सकरचं तसंच. बोटाएवढा आणता, तो फूट-दीड फुटाचा होतो. काचेवरचं शेवाळ खातो, बाकी माशांची विष्ठा खात नाही. उलट स्वतःचीच लांबलचक दोरी सोडत फिरतो. मोठा आणि भुकेला झाला की रात्री संथ गोल्डफिशच्या अंगाला चिकटून वरचा चिकट थर ओरबाडतो. मग कोणीतरी म्हणतं, सोडूया रंकाळ्यात. कृपा करून नको. मूळचे दक्षिण अमेरिकेतले हे मासे अशाच सोडण्यातून देशभरातल्या कितीतरी नद्या-तलावांत पसरलेत, अंगावर हाडांचं चिलखत असल्यानं त्यांना खाणारं फारसं कोणी नाही, आणि जाळ्यात सापडले की आपल्या मासेमाराची जाळीच फाडतात.

"दुकानात सगळे एकत्र राहतात." यावर मी स्वतः फसलोय, म्हणून दुकानदाराला दोष देत नाही. माझ्या पहिल्या टाकीत फायटर, चार टायगर बार्ब आणि दोन एंजल होते. एकाच रांगेत दिसले, आवडले, आणले. आठवड्यात फायटरच्या शेपटीचा पार झाडू झाला. टायगर बार्ब लांब पर-शेपट्या कुरतडणारा, त्यातून चारच असले की जास्त. आठ-दहांच्या घोळक्यात तो आपसांतच भांडत बसतो. पुढं एंजल मोठे झाले आणि नंतर आणलेले निऑन टेट्रा रात्रीत एकेक करून कमी व्हायला लागले. मला वाटायचं, झाकणातून उडी मारतात की काय. दुकानातले मासे पिल्लं असतात, चार दिवसांचे पाहुणे असतात, कोणाचीच अजून हद्द ठरलेली नसते. तिथं ते राहत नाहीत, थांबतात. एसटी स्टँडवर शेजारी बसलेल्या चार जणांना एका खोलीत भाड्यानं ठेवून बघा.

रविवारच्या धुण्याबद्दल एवढंच: आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, फिल्टरचा स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळा. नळाखाली धुतला की क्लोरीननं त्यातले जिवाणू मरतात. नळाला काळम्मावाडी धरणाचं येवो नाहीतर पंचगंगेचं, क्लोरीन असतंच. नवीन पाण्यात अँटीक्लोरीनचे थेंब टाकायचे.

ते जिवाणू कशाला हवेत, ते मेसेजच्या शेवटच्या वाक्यात दडलंय. संकट घेऊन मरणारा मासा. यावर मला खरा राग आहे, कारण बाकीच्या चुका दिसतात तरी.

मासा कल्ल्यांतून अमोनिया सोडतो. नव्या टाकीत तो संपवणारं कोणी नसतं. कालांतरानं स्पंजात, वाळूत जिवाणू वस्ती करतात. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही नायट्राइटचं नायट्रेट. पहिली दोन्ही विषारी, तिसरं बऱ्यापैकी सोसवतं. ही वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून पहिला आठवडा सगळं झकास असतं, दुसऱ्या-तिसऱ्यात मासे जायला लागतात, आणि पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ दिसतं. कारण दिसत नाही, तेव्हा संकटाचं नाव पुढं येतं. मग लोक नवे मासे आणतात. तोवर जिवाणू जरा बसलेले असतात, नवे मासे टिकतात, आणि सगळ्यांची खात्री पटते की घर आता शुद्ध झालं.

आणि पहिल्यांदा बहुतेक तो काळाच का जातो? नऊतला काळा म्हणून देतात तो ब्लॅक मूर. बाहेर आलेल्या टपोऱ्या डोळ्यांमुळं त्याला कमी दिसतं, गोल अंगामुळं पोहायला संथ. दाणे टाकले की सडपातळ सोनेरी मासे झडप घालून संपवतात, हा बिचारा शोधत राहतो. अर्धपोटी, वरून अमोनिया. नजर लागली म्हणायला घरचे मोकळे. जगलाच, तर वय वाढेल तसा कित्येकदा तांबूस पडतो. तेव्हा काय करायचं, ते मेसेजमध्ये नाही.

मग दीड फुटात ठेवायचं काय? फायटर ठेवायचा तर एकटा. गप्पीची लांब रंगीत शेपटी त्याला दुसरा फायटर वाटते. नाहीतर सहा झेब्रा. हा आपल्या उपखंडातलाच मासा, गंगेच्या खोऱ्यातला. इथला उन्हाळा-हिवाळा दोन्ही सोसतो. फक्त कळपात हवा, आणि झाकण घट्ट हवं. नाहीतर गप्पी, हिवताप विभाग डासांच्या अळ्या खायला टाक्या-विहिरींत सोडतो तेच, रंगीत पैदाशीचे. बोअरचं जड पाणी त्यांना मानवतं. पण नुसते नर घ्या. एक मादी आली की महिन्याला वीस-तीस पिल्लं, आणि नर काढून टाकला तरी ती पुढं कित्येक महिने वीत राहते.

काकूंना नऊचा आकडा सोडवेना. म्हटलं, मग नऊ नर गप्पी घेऊया, आठ पिवळे आणि एक काळा. त्यांचं अंग इंच-सव्वा इंचाचं, 35 लिटरमध्ये मावतात. माझ्या जुन्या टाकीतला एक स्पंज त्यांच्या फिल्टरशेजारी टाकून दिला, आणि रोज चिमूटभर दाणे रिकाम्या टाकीत टाकायला सांगितले, जिवाणूंसाठी. ते कुजून अमोनिया होतो, त्यावर जिवाणू वाढतात. त्याला आज सतरा दिवस झाले. अमोनिया अजून शून्यावर आलेला नाही. रोज संध्याकाळी जिन्यात गाठ पडली की विचारतात, "आता तरी आणू काय रे? बघणारे म्हणतात, ही बाई पाण्यालाच खायला घालत्या."