गाणं झालं, पैसे कुठे अडकले?

शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर मदतीसाठीच्या कॉन्सर्टचा विषय निघाला, मुंबईत बीकेसीला झालेल्या २०१६च्या ग्लोबल सिटिझन फेस्टिव्हलवरून. मिस्ड कॉल द्या, याचिकेवर सही करा, पॉइंट जमवा, फुकट पास घ्या, अशी ती योजना.

"पास हातात पडेपर्यंत सगळ्यांना स्वच्छतेचा पुळका," संदीप म्हणाला. "कोल्डप्ले बँडचं गाणं आवरलं, पुळकाही ओसरला."

"मग १९७१ची बांगलादेशच्या निर्वासितांसाठीची कॉन्सर्टपण नाटकच का?" मनीषा उसळली. "सतारवादक रविशंकरांनी बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनला गळ घातली, १ ऑगस्टला न्यूयॉर्कमध्ये दोन खेळ झाले, तिकिटांचे जवळपास अडीच लाख डॉलर युनिसेफला गेले!"

"तिकिटांचे गेले. रेकॉर्डचे?" शिरीष ट्रस्टांचे हिशेब बघतो. "युनिसेफला आधीपासून आयोजनात घेतलंच नव्हतं. अमेरिकेच्या करखात्याने करमाफी नाकारली, लाखो डॉलर वर्षानुवर्षं लटकले. आज इथे करायची म्हटली तरी तेच. परदेशी देणगीला एफसीआरए हा कायदा लागतो, पैसे दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उतरवायचे. २०२०पासून ते दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाहीत, आणि ऑफिसखर्च वीस टक्क्यांच्या आत. म्हणजे ज्याच्या नावावर पैसे, त्यानेच गावात जाऊन काम करायचं. बँड ठरवण्याआधी ती संस्था ठरवा."

"आणि इथिओपियाच्या दुष्काळासाठीचं १९८५चं लाइव्ह एड?" मनीषाने विचारलं.

"तिथे पैसे होते, ट्रक पुरेसे नव्हते," शिरीष म्हणाला. " इथिओपियाच्या आसाब बंदरात धान्य साचत होतं. हिशेब कर: दहा हजार टन धान्य, वीस टनी ट्रक, म्हणजे पाचशे खेपा. एका खेपेला आठवडा धर. पन्नास ट्रक असले तरी दहा आठवडे लागणार, तेही एकाचाही टायर फुटला नाही तर."

२००५चं लाइव्ह ८ मनीषाने काढलंच. तिथे वर्गणी नव्हती, मागणी होती गरीब देशांच्या कर्जमाफीची. संदीपने तारखा फेकल्या: अठरा देशांच्या कर्जमाफीवर जी-८ या बड्या देशांच्या गटाच्या अर्थमंत्र्यांचं एकमत ११ जूनला, कॉन्सर्ट त्यानंतर, २ जुलैला. तारखा बरोबर आहेत, पण कर्जमाफीची मोहीम त्याच्या कितीतरी वर्षं आधीपासून चालू होती, हे तो सोयीने गिळतो.

"टायरसाठी पैसे द्या म्हटलं तर स्टेडियम भरेल का पण?" मनीषाने विचारलं.

"स्टेजवरून भुकेचंच बोला," शिरीष म्हणाला. "पावतीवर मात्र 'धान्यासाठी' छापू नका. तसं छापलं की त्या पैशातून डिझेलसुद्धा भरता येत नाही, ऑडिटर अडवतो. 'धान्य, वाहतूक व साठवण' छापा."