पाच मीटर काजवा

भाड्याने सूर्यफूल मिळत होतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचे बारा दिवस आमच्या घरात हे वाक्य रोज किमान दोनदा उच्चारलं गेलं. अडीचशे रुपये भाडं, पाचशे डिपॉझिट, पाकळ्यांना इस्त्री करून. पण लेकीच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात वेशभूषेचा विषय होता ‘निसर्ग’, आणि तिने जाहीर केलं की ती काजवा होणार. पेटणारा काजवा.

यात चूक माझीच. जूनच्या पहिल्या आठवड्यात मीच सगळ्यांना भंडारदऱ्याला नेलं होतं. पावसाच्या तोंडावर तिथे हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर काजवे लगडतात. एक झाड पेटतं, विझतं, पुन्हा पेटतं. लेक तेव्हा माझ्या खांद्यावर बसून तासभर गप्प होती. ती तासभर गप्प राहते ही घटना काजव्यांहून दुर्मीळ. त्यामुळे ‘काजवा’ म्हटल्यावर मला नाही म्हणवेना. शिवाय मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेला माणूस आहे. तो 2001 साली केला आणि त्यानंतर आजतागायत विमा कंपनीत क्लेम तपासतो, हा तपशील त्या क्षणी कुणी विचारला नाही.

पहिला विचार एलईडीच्या माळेचा होता. पण माळ म्हणजे ठिपके, आणि सात वर्षांच्या मुलीला ठिपके लावले की ती काजवा न दिसता लग्नाचा हॉल दिसते. मला हवी होती सलग उजळणारी तार. अशी तार असते, हे मला डिप्लोमाच्या कृपेने ठाऊक होतं. तिला ईएल वायर म्हणतात. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत पोचलो. तिसऱ्या दुकानात काउंटरवरच्या गृहस्थांनी माझं सगळं ऐकून घेतलं. ईएल म्हणजे इलेक्ट्रोल्युमिनेसन्स, विजेने उजळणं; हा शब्द मी न अडखळता उच्चारला, तोही ऐकून घेतला आणि म्हणाले, “निऑन वायर म्हणा ना सरळ.”

“पण त्यात निऑन नसतो,” मी.

“बटाटेवडा मागताना बटाट्याची जात सांगता का?”

पाच मीटर तार, तिला जोडायचं काडेपेटीएवढं खोकं आणि त्यात घालायचे दोन पेन्सिल सेल. तार साधी पांढुरकी, रंगीत आवरण नसलेली. पेटली की निळसर हिरवी होते. मी पैसे देत असताना त्यांनी आपणहून एक सल्ला दिला. पुण्यातल्या दुकानदाराने फुकट दिलेली वस्तू मी पहिल्यांदाच पाहत होतो, म्हणून असेल कदाचित, मी तो नीट ऐकला नाही. ते म्हणाले, “कापायची झाली तर मोकळ्या टोकाकडून कापा.”

घरी येऊन दिवे मालवले, बटण दाबलं, आणि पाच मीटर भंडारदरा हॉलमध्ये पसरला. खरंच सुंदर दिसत होतं. लेक नाचली. बायकोसुद्धा “बरं दिसतंय रे” म्हणाली. सूर्यफुलाचा उल्लेख झाला नाही. तेवढ्यात आतून आई म्हणाली, “अरे, डास शिरलाय बघ घरात.”

डास नव्हता, ते खोकं होतं. त्याचं असं असतं की या तारेला घरातल्यासारखी किंवा सेलातल्यासारखी वीज चालत नाही. आत तांब्याचा गाभा, त्याच्यावर फॉस्फर या उजळणाऱ्या पदार्थाचा लेप आणि लेपाभोवती केसासारख्या दोन बारीक तारा गुंडाळलेल्या. गाभा आणि या तारा यांच्यामधली वीज सेकंदाला हजार-दोन हजार वेळा उलटसुलट झाली की मधला लेप उजळतो. दोन सेलांचे तीन व्होल्ट घेऊन शंभरएक व्होल्टची अशी वीज तयार करायची हे खोक्याचं काम, आणि ते करताना ते कण्हतं. कुईंऽऽ असा बारीक, चिकाटीचा सूर. हे मी आईला सविस्तर समजावलं. ती म्हणाली, “असेल. पण तो डासच आहे.” आणि रॅकेट घेऊन आली.

मापं घेतली. अंगाला तीन मीटर पुरत होती. टेप लावून, दोनदा मोजून, खूण करून कात्री चालवली. कापल्यावर माझ्या हातात तीन मीटरचा एक तुकडा होता आणि समोर जमिनीवर दोन मीटरचा दुसरा. खोकं दोन मीटरच्या तुकड्याला होतं. कापून टाकायचे दोन मीटर मी खोक्याला जोडायच्या प्लगच्या बाजूने मोजले होते, कारण ते टोक जास्त नीटनेटकं दिसत होतं. मोकळ्या टोकाकडून, असं ते गृहस्थ म्हणाले होते ते तेव्हा आठवलं.

मग सोल्डरिंग आलं. कागदावर सोपं आहे. बाहेरचं आवरण सोलायचं, त्या दोन केसाएवढ्या तारा अलगद बाजूला काढायच्या, गाभ्यावरचा लेप ब्लेडने खरवडायचा, गाभा एका वायरला आणि बारीक तारा दुसऱ्या वायरला झाळायच्या, आणि दोन्ही एकमेकांना कुठेही शिवू द्यायच्या नाहीत. प्रत्यक्षात आवरण सोललं की त्याच्याबरोबर त्या दोन ताराही तुटून जायच्या. पहिल्या रात्री मी अशी पंधरा सेंटिमीटर तार सोलून संपवली. दुसऱ्या रात्री टेबललॅम्प जवळ घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि एक तार शाबूत सापडली. चिमट्याने धरली, श्वास रोखून आयर्न टेकवलं. ती वेटोळं होऊन नाहीशी झाली आणि कुबट वास आला. दुसरी सापडली, तिचंही तेच. तिसऱ्या वेळी बायको मागे उभी होती. म्हणाली, “तो माझा केस आहे.”

अर्धा तास मी बायकोचे गळलेले केस सोल्डर करत होतो.

पाचव्या रात्री तार पेटली. त्याच आनंदात मी खोकं खिशात घातलं, तार कमरेला गुंडाळली, लेकीचे पंख पाठीला बांधले, दिवे मालवले आणि हॉलमध्ये फिरून चाचणी घेऊ लागलो. बेल वाजली. सोसायटीचे सेक्रेटरी मेंटेनन्सची पावती द्यायला आले होते. अंधारातून पोटाशी हिरवा उजेड असलेला, पंखवाला, किणकिणणारा पंचेचाळीस वर्षांचा सभासद दारात आला. ते पावती देऊन गेले. काही विचारलं नाही. सज्जन मनुष्य आहे. पण तेव्हापासून लिफ्टमध्ये जरा लांब उभे राहतात.

जाता जाता माझा हात तारेच्या कापलेल्या टोकाला लागला आणि कोपरापर्यंत झिणझिण्या आल्या. टोक बंद करायचं राहिलं होतं. ग्लू गनने त्यावर लेकीच्या अंगठ्याएवढा गोळा बसवला, मग पुरतं गार होईपर्यंत हात लावला नाही. घाम यायचा लहान मुलीला, इथे चेष्टा नको.

तार कपड्यावर शिवायचं काम आईने घेतलं. तिने आयुष्यात किमान वीस गोधड्या शिवल्या आहेत. काळ्या सदऱ्यावर आणि लेगिंगवर तिने तार अशी टाचली की पुढच्या पिढीलाही उसवता येऊ नये. पोटावर दोन वेढे, दोन्ही हातांवर, दोन्ही पायांवर पट्टे. खोकं सदऱ्याच्या आत, कमरेला, नाडीने बांधलेलं. सगळं झकास पेटलं. लेकीने ‘उडून दाखवते’ म्हणून हात वर केले आणि सगळं विझलं. हात खाली केले, पेटलं. हात वर, अंधार.

“म्हणजे हा फक्त बसलेला काजवा आहे,” बायको म्हणाली. “सूर्यफूल जागचं हलत नाही, म्हणून बरं असतं.”

आता बिघाड शोधायचा म्हणजे काय ते सांगतो. आधी सेल बदलले. तेच. मग प्लगपाशी वायर हलवून पाहिली. तिथे काही नाही. माझं सोल्डरिंग उघडून पाहिलं, ते चक्क चांगलं निघालं. या सबंध प्रकरणात माझी मान ताठ झाली असा हा एकच प्रसंग. मग दिवे घालवून जमिनीवर पालथा पडलो आणि तार अंगठा आणि बोट यांच्यात धरून बोटाबोटाच्या अंतरावर दाबत, किंचित वाकवत सरकू लागलो. लेक कपडे घालून उभी, कारण काढले की बिघाड नाहीसा व्हायचा. “बाबा, गुदगुल्या होतात.” हलू नकोस. “बाबा, शू लागली.” दोन मिनिटं. काखेपाशी आलो आणि तार दिवाळीतल्या ओल्या फुलबाजीसारखी चर्र चर्र पेटू-विझू लागली. सापडलं. तिथे मीच तार पक्कडीने काटकोनात दुमडली होती, वळण देखणं दिसावं म्हणून. गाभा जाड असतो, तो टिकला. वरच्या दोन केसाएवढ्या तारा तुटल्या होत्या, आणि त्यांची तुटलेली टोकं हात खाली असतानाच एकमेकांना टेकत होती. पोटाचे वेढे संपल्यावर तार तिथूनच हातांकडे वर आणि मग पायांकडे खाली जात होती, म्हणून पुढचं सगळं एकदम जायचं. आधीचं पोट मात्र पेटतंच राहायचं. ‘सगळं विझलं’ ही माझ्या छातीत धस्स झालं तेव्हाची मोजणी.

पुन्हा सोल्डरिंग करायचं माझ्यात बळ नव्हतं. लेकीनेच मार्ग काढला. “बाबा, काजव्याचे हात कुठे पेटतात? बुडच पेटतं.”

शास्त्राच्या दृष्टीने मुद्दा बिनतोड होता. काखेच्या अलीकडे तार कापली, टोकावर गोंदाचा गोळा दिला. फक्त पोट पेटणार. हातापायांवरचे मेलेले पट्टे काढायला गेलो तर आईचा टाका. कापडच फाटायला लागलं, तेव्हा ते तसेच ठेवले. आणखी एक झालं. खोकं पाच मीटरसाठी बनवलेलं, त्याच्यामागे आता जेमतेम सव्वा मीटर तार उरली होती. ओझं कमी झालं की असलं साधं खोकं वरच्या पट्टीत जातं. उजेड वाढला आणि कुईंऽऽ ची कीईंऽऽ झाली. आई आतून म्हणाली, “आता दोन शिरलेत.”

रविवारी संमेलन. मी रात्री दीडपर्यंत चाचण्या घेतल्यामुळे दुपारी निघताना सेल मेलेले निघाले. एक सेल लेकीच्या रिमोटवाल्या गाडीतून काढला आणि दुसरा आईच्या खोलीतल्या भिंतीवरच्या घड्याळातून. आई डुलकी काढत होती. गुडघ्यांमुळे ती येणार नव्हती. संध्याकाळी परत लावू म्हटलं.

शाळेच्या मैदानावर मंडप होता, वर कापड नव्हतं. वेळ चारची. डिसेंबरातलं पश्चिमेचं ऊन सरळ रंगमंचावर. मी ते ऊन पाहिलं आणि बारा दिवसांत पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की ही तार मी आजवर एकदाही उजेडात पेटवून पाहिलेली नाही. पेटवली. जवळ डोळे नेले. पेटली आहे की नाही हे फक्त ऐकू येत होतं.

आधी तीन सूर्यफुलं झाली. इस्त्रीची. मग दोन वाघ, एक पाऊस, एक टोमॅटो. नंतर आमची चढली. लहान मुलांसाठी माइक स्टँडवर खाली आणला होता, बरोबर तिच्या कमरेच्या उंचीवर, म्हणजे खोक्यासमोर. बायकोने ‘मी काजवा इवला इवला’ अशा चार ओळी लिहून पाठ करून घेतल्या होत्या. लेकीने गर्दीकडे पाहिलं. ओळी गेल्या. तिला एवढंच आठवलं की बटण दाबायचं. तार चालूच होती, म्हणून आणखी एकदा दाबल्यावर ती लुकलुकायला लागली. उजेड कुणालाच दिसला नाही. मैदानावरच्या चारही कर्ण्यांमधून मात्र आवाज आला. कीईंऽऽ. शांतता. कीईंऽऽ. शांतता. जवळ येतोय, लांब जातोय, कानाशी येतोय. पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी स्वतःच्या गालावर चापट मारली.

काळा पोशाख, पारदर्शक पंख, हातापायांवर पांढरे पट्टे. सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंचा चेहरा उजळला. “वा! डेंग्यूचा डास! टाळ्या!”

टाळ्या भंडारदऱ्याला ऐकू जाव्यात अशा पडल्या. परीक्षकांनी आवाजाच्या कल्पकतेचं आणि आरोग्यविषयक जागृतीचं विशेष कौतुक केलं. उत्तेजनार्थ बक्षीस. प्रमाणपत्रावर लेकीच्या नावापुढे कंसात ‘डास’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं आहे. तिला रडू येईल म्हणून मी धावत गेलो, तर ती मैत्रिणींना चावत होती.

परतताना अंधार पडला होता. स्कूटरवर ती आमच्या दोघांच्या मध्ये उभी राहायची सोडून हट्टाने पुढे उभी राहिली आणि सिग्नलला तिने बटण दाबलं. माझ्या हँडलखालचा डांबरी रस्ता हिरवा झाला. शेजारच्या रिक्षातून एक मुलगा बाहेर वाकून ओरडला, “आई, काजवा!” बायको मागून काही बोलली नाही. फक्त सिग्नल सुटल्यावर म्हणाली, “हळू चालव.”

घरी आलो तर आई स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होती. साडेसात वाजले होते.

“आज दिवस सरताच सरेना बघ,” ती म्हणाली. “केव्हाची चहाची वाट बघत बसलेय, घड्याळात आपले पावणेतीन. बंद पडलंय वाटतं. तुला यातलं कळतं ना आता? बघतोस का जरा?”

मी “बघतो” म्हणालो. काजव्याला न्हाणीघरात पाठवलं, खोक्यातून एक सेल काढून मुठीत लपवला, स्टूल घेतलं, टेस्टर आणि पक्कड घेतली, आईच्या खोलीचं दार लोटून घेतलं आणि चांगली वीस मिनिटं घड्याळ दुरुस्त केलं.