हरणीला घर मिळायला १४ महिने का लागले

मागच्या आठवड्यात मी एक फोटो टाकला होता. शेणाने सारवलेलं अंगण, कडब्याची गंज आणि तिच्या सावलीत पाय ताणून झोपलेली लांबट तोंडाची, फिकट तांबूस कुत्री. बऱ्याच जणांनी विचारलं, "ही तीच का, शेल्टरमधली?" हो, तीच. दोघांनी मात्र रागाने लिहिलं, "शेतावर का दिलीत? तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." त्यांना उत्तर द्यायला बसले तर ते दोन ओळींत मावेना. म्हणून ही पोस्ट. मोठी आहे, पण कुत्रं दत्तक देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचावी ही विनंती.

हरणी कारवानी आहे. कोणी कारवान हाउंड म्हणतं, कोणी मुधोळ हाउंड. लांब केसांच्या कानांची असली तर तिला पश्मी म्हणतात. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर, म्हणजे कारवांबरोबर, ही कुत्री दख्खनमध्ये आली असं मानतात, त्यावरून हे नाव पडलं. कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही जात जोपासली, तिची पिल्लं ब्रिटनच्या राजालाही भेट दिली. २००५ मध्ये मुधोळ हाउंड पोस्टाच्या तिकिटावर झळकला. २०१६ मध्ये लष्कराने मेरठच्या केंद्रात त्यांना शिकवायला घेतलं. पण संस्थानिक आणि लष्कर हा झाला सन्मानाचा भाग. ही जात खरी टिकवली ती मराठवाड्यातल्या आणि उत्तर कर्नाटकातल्या शेतकऱ्यांनी, धनगरांनी. लातूरकडच्या गावांत आजही म्हातारी माणसं कुत्र्याच्या कमरेवर हात ठेवून सांगतात की हा कारवानी आहे की नाही.

ऑगस्ट २०२० मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्री पाळा असं सांगताना मुधोळ हाउंडचं नाव घेतलं. भावना चांगलीच होती. मला आनंद झाला होता. पण माझ्या पाहण्यात त्यानंतर शहरातल्या फ्लॅटमध्ये ही पिल्लं दिसायला लागली, आणि दीड-दोन वर्षांनी ती शेल्टरच्या दारात. वाऱ्यासारखं पळायला जन्मलेलं जनावर आठशे स्क्वेअर फुटांत दिवसभर बंद. मग ते सोफा फाडतं, दार ओरबाडतं, पाहुण्यांवर गुरगुरतं.

हरणीचंही असंच झालं असणार. पुणे-सोलापूर रस्त्यावर एका ढाब्यामागे ती चार दिवस एकाच जागी बसून होती. गळ्यात महागातला पट्टा, नखं कापलेली. गाडीतून आणून सोडलेली होती, हे उघड होतं. रस्त्यावरचं प्रत्येक पांढरं वाहन थांबलं की ती उठून उभी राहायची, असं ढाब्यावरच्या मुलाने सांगितलं. असं जनावर उपाशीतापाशी टाकून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पन्नास रुपयांत आज धड एक मिसळ येत नाही. जाऊ दे, तो विषय वेगळा.

मी गेली सहा वर्षं दर शनिवारी त्या शेल्टरमध्ये जाते. नाव लिहीत नाही, कारण तिथली माणसं मनापासून काम करतात आणि मला कोणाला झोडायचं नाही. आल्या आल्या हरणीचं नाव रोझी ठेवलं गेलं. पहिल्याच आठवड्यात भेट द्यायला आलेल्या लोकांनी तक्रार केली, "हिला खायला घालत नाही का? बरगड्या मोजता येतायत." या जातीच्या बरगड्या दिसतातच. निरोगी असली तरी दिसतात. अंगावर चरबी कमी म्हणून भूल देतानाही डॉक्टरांना आधी सांगावं लागतं, कारण काही जुनी भुलीची औषधं अशा कुत्र्यांच्या अंगातून लवकर उतरत नाहीत. हे मी तिच्यामुळे शिकले. त्याआधी मलाही माहीत नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी फार वाईट रीतीने शिकले. एका शनिवारी तिला फिरवायला घेऊन निघाले. गळ्यात साधा पट्टा. टेम्पोचा हॉर्न वाजला, ती दचकून मागे सरकली आणि ओल्या हातातून बांगडी निघावी तसं तिचं डोकं पट्ट्यातून निघून आलं. माझ्या हातात नुसता पट्टा. या कुत्र्यांची मान जाड आणि डोकं निमुळतं, साधा पट्टा त्यांना धरून ठेवत नाही. ती नांगरटीतून जी सुटली, ती दिसेनाशी झाली. आम्ही पाच जण दोन तास हाका मारत, बिस्किटांचे पुडे वाजवत फिरलो. जितक्या हाका मारल्या तितकी ती लांब गेली. अंधार पडल्यावर आपली आपण परत येऊन फाटकापाशी उभी राहिली. मी त्या रात्री घरी येऊन जेवले नाही.

आता फॉर्मबद्दल.

शेल्टरचा दत्तक-अर्ज चार पानांचा आहे. घर स्वतःचं हवं. भाड्याचं असेल तर घरमालकाचं पत्र आणि सोसायटीचं पत्र. एकट्या राहणाऱ्यांना नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बाहेर नाही. आणि ठळक अक्षरांत शेवटची ओळ: "शेत, फार्महाऊस किंवा गोदामावर ठेवण्यासाठी कुत्रा दिला जाणार नाही."

यातला एकही नियम हवेतून आलेला नाही, हे मी आधीच सांगते. भाडेकरू घर बदलतात आणि नवीन घरमालक नाही म्हणतो, तेव्हा कुत्रं परत येतं. खरं तर पाळीव कुत्र्याला सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही, ॲनिमल वेल्फेअर बोर्डाचं २०१५ पासूनचं तसं पत्रक आहे. पण सेक्रेटरीशी रोज भांडायची ताकद सगळ्यांत नसते. आणि शेताचा नियम तर मी स्वतः उचलून धरला होता. चार वर्षांपूर्वी एका फार्महाऊसवर दिलेला कुत्रा आम्ही जाऊन पाहिला तेव्हा तो दोन फुटांच्या साखळीला, पत्र्याखाली, उन्हात होता. पाण्याचं भांडं पालथं. मालक महिन्यातून एकदा येणारे. तो कुत्रा आम्ही परत आणला. त्या दिवशी गाडीत बसून मी म्हटलं होतं, "आता एकही कुत्रा शेतावर जाणार नाही." तो नियम माझाही आहे.

हरणीसाठी १४ महिन्यांत ११ अर्ज आले. पाच जणांना ती फक्त दिसायला हवी होती, ते भेटीतच कळलं. दोघांना पिल्लं काढायची होती. एक मुलगी खूप चांगली होती, आयटीत, घरून काम करणारी, रोज सकाळी पळायला जाणारी. एकटी राहते म्हणून नाकारली. मी भांडले, पण उपयोग झाला नाही. ती अजून मला दिवाळीला मेसेज करते आणि हरणीची चौकशी करते.

आणि मग एक फोन आला. लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातून, एका शेतकऱ्याचा. त्यांच्या पुतण्याने माझी जुनी पोस्ट दाखवली होती.

"ताई, कारवानी हाय का पश्मी?"

मी म्हटलं, कारवानी.

"शेपूट कुठवर येतंय? मागच्या पायाच्या गुडघ्याखाली येतंय का? काय खायलीय सध्या?"

मी म्हटलं, भात आणि कोंबडीच्या माना.

"भाकर घालून बघा. ज्वारीची, दुधात कुस्करून. आन पट्टा कसला घालता? साधा घालू नगा, डोस्क्यातून निघतोय. रुंद, आवळणारा घ्या."

मी गप्प झाले. मी तो पट्टा, मार्टिंगेल म्हणतात तो, दोन तास रानात पळून शिकले होते. या माणसाने कुत्री न पाहता सांगितलं.

"सुटलीच कधी तर हाका मारू नगा. पाठ करून खाली बसायचं. येती ती."

अर्धा तास ते विचारत होते आणि मी सांगत होते. अनोळखी माणसाने अंगाला हात लावला तर काय करते? रात्री बाहेर झोपते का आत? मेंढरं पाहिली आहेत का तिने? मी मध्येच म्हटलं, "दादा, शिकारीला नेणार का?" त्यांनी सरळ सांगितलं, "आज्जा न्यायचा ससं धरायला. मी लहान हुतो, मीबी गेलोय. आता न्हाई, केस हुती. आन गरजबी न्हाई." १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर या कुत्र्यांचं जुनं काम बेकायदा झालं, ते योग्यच झालं. पण ते काम गेलं तरी ती पाळणाऱ्यांची माया आणि पारख अजून शिल्लक आहे, हे मला त्या फोनवर कळलं.

आमच्या चार पानांच्या फॉर्मवर सगळे प्रश्न माणसाबद्दल आहेत. पगार किती, घर कोणाचं, लग्न झालंय का. त्या दादांचा प्रत्येक प्रश्न कुत्रीबद्दल होता. आणि फॉर्मप्रमाणे ते दोनदा नापास होत होते: गाव दूर आणि घर शेतात.

शेल्टरच्या बैठकीत मी हे मांडलं तेव्हा पहिलं उत्तर आलं, "एकासाठी नियम मोडला तर उद्या सगळ्यांसाठी मोडावा लागेल." मी म्हटलं, नियम मोडू नका, जाऊन पाहा. साखळीची भीती आहे ना? मग साखळी आहे का ते पाहा. शेत म्हणजे महिन्यातून एकदा येणाऱ्या मालकाचं फार्महाऊस आणि शेत म्हणजे जिथे पाच माणसं बारा महिने राहतात, जेवतात, झोपतात ते घर, या दोन्हींना एकच ओळ कशी लागू होईल? लॅब्रॅडॉरला फ्लॅटमध्ये घर मिळतं, कोणालाही सांभाळता येतो. पण जी जात ओळखणारी माणसं शहरात नाहीतच, तिच्यासाठी शहराची हद्द आखली तर तिला आपण जन्मभर पिंजऱ्यातच ठेवणार.

तीन बैठका झाल्या. शेवटी ट्रस्टींपैकी सगळ्यात कडक बाई म्हणाल्या, "मी स्वतः जाते." आम्ही दोघी पहाटे चारला निघालो.

तिथे काय पाहिलं ते सांगते, चांगलंही आणि वाईटही. घरात आई, बायको, दोन मुलं. अंगणात एक म्हातारा कारवानी कुत्रा, तेरा वर्षांचा, डोळ्यांत मोतीबिंदू, उठून आला आणि दादांच्या मांडीला डोकं टेकून उभा राहिला. गळ्यात साखळी नाही. गोठ्याच्या आढ्याला साखळी टांगलेली होती, ती बैलाची. झोपायला त्याला आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी. पण विहिरीला कठडा नव्हता. उघडी विहीर, घरापासून शंभर पावलांवर. बाई म्हणाल्या, "हे चालणार नाही." आणि त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं. पूर्ण वेगात धावणाऱ्या, नवख्या कुत्रीला ती विहीर दिसलीच नसती. मी एवढी भांडत होते, पण विहिरीचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. शेजारच्या रानात डुकरांसाठी विष ठेवतात का, हेही त्यांनीच विचारलं.

दादांनी पंधरा दिवसांत विहिरीवर लोखंडी जाळी बसवली आणि फोटो पाठवला.

नसबंदीवरून मात्र गाडी अडली. शेल्टरचा नियम, नसबंदी झाल्याशिवाय कुत्री जाणार नाही. दादा म्हणाले, "एवढी खानदानी कुत्री, पिल्लं होणार न्हाईत?" आणि दोन दिवस फोन नाही. इथे मी नियमाच्या बाजूने ठाम होते आणि आजही आहे. तिचे आईबाप कोण, कोणता रोग रक्तात आहे, काहीच माहीत नाही. जात वाचवायची तर माहितीतल्या, तपासलेल्या कुत्र्यांतून वाचवायला हवी. मुधोळजवळ तिम्मापूरला त्यासाठी विद्यापीठाचं केंद्र आहे, गावोगावी जाणते पाळणारे आहेत. शेल्टरच्या दारातून पिल्लांचा धंदा सुरू झाला की उद्या लोक फुकटात 'ब्रीड' न्यायला रांग लावतील. तिसऱ्या दिवशी दादांचा फोन आला. "आई म्हणाली, पोरगी घरात आणायची तर पिल्लांसाठी आणायची का? आणा."

एक महिना फॉस्टर म्हणून दिली, रोज एक व्हिडिओ आणि नाही जमलं तर परत, असं लिहून घेतलं. पहिले आठ दिवस ती खाटेखालून बाहेर आली नाही. दादांनी तिला हातही लावला नाही. जवळ बसून शेंगा फोडत राहायचे, पाठ तिच्याकडे. नवव्या दिवसाच्या व्हिडिओत ती मागून येऊन त्यांच्या खांद्याचा वास घेते आहे. हरणी हे नाव आजीने ठेवलं. रोझी त्यांना म्हणताच येत नव्हतं.

ज्या दोघांनी मला रागाने लिहिलं त्यांना एवढंच: तुमची भीती खरी आहे, मी तो पत्र्याखालचा कुत्रा पाहिलाय. पण या वेळी आम्ही साडेतीनशे किलोमीटर जाऊन पाहिलं.

फॉर्ममधली ती ठळक ओळ आता बदलली आहे. नवीन ओळ अशी: "शेतावरच्या घरासाठी अर्ज असल्यास प्रत्यक्ष भेट आवश्यक." आणि चौथ्या पानावर माझ्या आग्रहाने एक प्रश्न वाढला आहे, "ही जात आधी पाळली आहे का? तिच्याबद्दल तुम्हाला काय माहीत आहे ते लिहा." त्याला अर्धं पान मोकळं ठेवलंय.

शेल्टरमध्ये सध्या एक पश्मी नर आहे, अंदाजे तीन वर्षांचा, काळा-पांढरा. कानांच्या झुपक्यांत गोखरू अडकून गाठी झाल्या होत्या, त्या मागचे दोन शनिवार मी कात्रीने सोडवतेय. डाव्या कानाला हात लावू देतो, उजव्याला अजून नाही. नसबंदी झाली आहे, लसी झाल्या आहेत. लातूर, धाराशिव, सोलापूर, सांगली, बीदर, कुठूनही चालेल. घर भाड्याचं असलं तरी आधी बोला. विहीर असेल तर तेही सांगा, आपण जाळीचं बघू.