त्या खोक्यात काय होतं, हे जरा बाजूला ठेवूया का?

गेल्या पंधरा दिवसांत कोएन बंधूंचा 'बार्टन फिंक' हा सिनेमा चारदा पाहिला. एकदा एकट्याने आणि तीनदा वेगवेगळ्या माणसांना शेजारी बसवून. हे माणसांना बसवणं माझं जुनं व्यसन आहे. सिनेमा आवडला की मी पडदा सोडून शेजारच्याच्या तोंडाकडे बघत राहतो, आणि घरचे याला वैतागलेले आहेत. तर तीन प्रेक्षक, तीन वेगळेच सिनेमे. म्हणून ही लांबण. शेवटासकट सगळं फोडणार आहे. पाहायचा राहिला असेल तर इथेच थांबा.

कथा थोडक्यात. साल १९४१. न्यूयॉर्कचा नाटककार बार्टन फिंक. 'सामान्य माणसा'वर लिहिलेलं नाटक गाजतं आणि हॉलिवूडचं बोलावणं येतं. काम काय, तर वॉलेस बीरी या नटासाठी कुस्तीचा एक पिक्चर लिहायचा. हॉटेल अर्लच्या खोलीत तो, टाइपरायटर, एक डास, समुद्रकिनारी बसलेल्या बाईचं चित्र आणि उकाड्याने सुटत चाललेला वॉलपेपर. सुरुवातीची वाक्यं टाइप होतात, गाडी तिथेच अडते. शेजारच्या खोलीत चार्ली मेडोज राहतो. विम्याचा एजंट, धिप्पाड, बोलायला गोड. मग एका सकाळी बार्टन डास मारायला हात उगारतो आणि शेजारी झोपलेल्या बाईचं प्रेत झालेलं असतं.

पहिली प्रेक्षक माझी भाची. वही घेऊन बसली होती, खोटं नाही सांगत. हॉटेल म्हणजे नरक, चार्ली म्हणजे सैतान, आणि एकूण प्रकरण फॅसिझमबद्दल. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. कॉरिडॉर पेटलेला असताना चार्ली 'हाइल हिटलर' म्हणून ज्याला गोळी घालतो त्या पोलिसाचं आडनाव डॉइच, म्हणजे 'जर्मन', आणि बार्टन ज्यू. हे दिग्दर्शकांनी झोपेत लिहिलं नसणार. पण चार्लीच्या कानातून वाहणारा पू आणि भिंतीवरून ओघळणारा गोंद यांचं तिने जे समीकरण मांडलं, ते ऐकून मी गारच पडलो. माझी तक्रार एवढीच की पोरगी एकदाही हसली नाही! सुरुवातीला बार्टन काउंटरवरची घंटी वाजवतो, ती वाजतच राहते, वाजतच राहते; मग जमिनीतली झडप उघडून एक पोरगा वर येतो आणि बोट ठेवून ती बंद करतो. मी लोळायचा बाकी होतो. तिने वहीत लिहिलं, 'पाताळ'.

आणि मग शेवटी तो प्रश्न. चार्लीने ठेवायला दिलेल्या त्या खोक्यात काय आहे?

दुसरे प्रेक्षक लिहिण्यावर पोट असलेले एक ज्येष्ठ मित्र. स्वतःचंच एक काम कित्येक महिने अडलेलं, त्यामुळे ते सिनेमाकडे औषध म्हणून बघत होते. कोरा कागद दिसला की सुस्कारा. खुनानंतर बार्टनला एकदम सुचायला लागतं आणि तो झपाटल्यासारखा लिहून काढतो, तेव्हा हे अक्षरशः सरसावून बसले. पुढे स्टुडिओचा मालक लिपनिक ते हस्तलिखित धुडकावतो, तर यांना तो अन्याय वाटला. 'इतकं आतून आलेलं लिखाण!' म्हणाले. सिनेमा नकारात्मक आहे, असा निकाल देऊन घरी गेले.

आतून काय आलं होतं, ते त्यांनी ऐकलंच नव्हतं. सुरुवातीला बार्टनच्या नाटकाचा शेवट ऐकू येतो. या पोराकडून आपल्याला काहीतरी कळणार आहे, आणि मी पोस्टकार्डाबद्दल बोलत नाहीये, अशा अर्थाचं वाक्य. झपाटून लिहिलेल्या कुस्तीच्या पटकथेचा शेवट काय? तेच वाक्य. पोराच्या जागी पैलवान, पोस्टकार्ड तसंच. हॉटेलात आल्यावर टाइप केलेल्या पहिल्या मजकुरातही कोळ्यांच्या आरोळ्या आहेत, म्हणजे त्याच नाटकातल्या. रायटर्स ब्लॉक, म्हणजे लेखकाचं न सुचण्याचं दुखणं, सुटला, धबधबा कोसळला, आणि पाणी जुन्याच टाकीतलं! ते पुरं झाल्यावर हा गडी नाचायला जातो आणि खलाशांच्या घोळक्यात 'मी सर्जक आहे' असं ओरडतो. यापेक्षा क्रूर विनोद लेखकांवर कुणी केला असेल तर मला सांगा. लिपनिक माणूस म्हणून भिकार आहे, तोपर्यंत तो कर्नलचा गणवेश चढवून बसलेला आहे, तोही स्टुडिओच्या कपडेपटातून शिवून घेतलेला. पण तो जे नाकारतो ते थोर नाहीच. आपल्याला दोघांपैकी एकाची बाजू घ्यायची सवय असते, ती इथे चालत नाही.

(जाता जाता: 'रायटर्स ब्लॉक' हा शब्द एडमंड बर्गलर या मनोविश्लेषकाच्या नावावर लावतात, १९४७चा. म्हणजे बिचाऱ्या बार्टनकडे १९४१ साली आपल्या दुखण्याला नावसुद्धा नव्हतं. आणि ही पटकथा कोएन बंधूंनी 'मिलर्स क्रॉसिंग' या त्यांच्या दुसऱ्या सिनेमाचं लिखाण गुंतत चाललं तेव्हा बाजूला होऊन तीनेक आठवड्यांत लिहिली. न सुचण्यावरचा सिनेमा तीन आठवड्यांत!)

तिसरा माझा शाळूसोबती. तो विमा विकतो. सिनेमाचं फार वेड नाही, बळेच बसवला. अर्धा तास गप्प होता, मग बोटं मोजायला लागला. चार्ली म्हणतो, मी तुम्हाला अशा काही गोष्टी सांगेन की… आणि बार्टन त्याला तोडतो आणि सामान्य माणसाच्या थोरवीवर भाषण सुरू करतो. 'हे बघ, परत तोडलं,' मित्र म्हणाला. थोड्या वेळाने, 'परत.' चार्ली शाळेत असताना कुस्ती खेळलेला आहे. खोलीतच बार्टनला एक डाव दाखवतो, क्षणात चीत करतो. मित्र उठून उभा राहिला. 'अरे, याला कुस्तीवर लिहायचंय ना? मग विचार ना त्याला!'

मी हा सिनेमा वीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला बार्टनची कीव आली होती. एकटा, अडलेला, गैरसमज झालेला कलावंत, म्हणजे अर्थातच मी. ज्याला लिहायचंय त्याच्या पायाशी विषय येऊन पडलाय आणि तो छताकडे बघत बसलाय, हे दिसायला विमा एजंट लागला. शेवटी आगीच्या लोळात चार्ली ओरडून तेच तर सांगतो, की तू ऐकत नाहीस. तो खुनी आहे, वेडा आहे, आणि त्याचं म्हणणं खरं आहे. (माझा मित्र खुनी नाही, हे त्याच्या विनंतीवरून नमूद करतो.)

त्यामुळे मला बार्टनचं दुखणं न सुचण्याचं वाटतच नाही. ते बहिरेपण आहे. त्या अख्ख्या हॉटेलात दारांबाहेर बूट मांडून ठेवलेले दिसतात, माणसं दिसत नाहीत. भाची म्हणते भुतं. मी म्हणतो, बार्टनला दिसत नाहीत म्हणून आपल्याला दिसत नाहीत. हा माझा हट्ट आहे, दिग्दर्शकांनी असं कुठे म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

मतभेद पहिल्यापासूनचे आहेत. १९९१ साली कान महोत्सवात रोमान पोलान्स्कीच्या ज्युरीने या एकाच सिनेमाला पाम द'ओर हा तिथला सर्वोच्च मान, सर्वोत्कृष्ट दिग्दर्शन आणि बार्टन झालेल्या जॉन टर्टुरोला अभिनयाचं बक्षीस दिलं. पुढे तिथे एकाच सिनेमावर बक्षिसांचा असा पाऊस पाडायला नियमानेच आळा घातला. आणि प्रेक्षक? सुमारे ९० लाख डॉलर खर्च, अमेरिकेत जेमतेम ६० लाखांची कमाई. ऑस्करची तीन नामांकनं, हाती एकही नाही. सहायक अभिनेत्याचं नामांकन मायकेल लर्नरला, लिपनिकच्या कामासाठी. जॉन गुडमनच्या चार्लीला का नाही, हे मला अजून पटलेलं नाही.

कंटाळा आलेल्यांना मी नावं ठेवणार नाही. सिनेमा संथ आहे, मधला तासभर वॉलपेपर सुटण्यापलीकडे फार काही घडत नाही, आणि खून झाल्यावर ज्यांना खुन्याचा शोध हवा असतो त्यांची सरळसरळ फसवणूक होते. माझा राग वेगळ्यांवर आहे. 'तुम्हाला कळला नाही' म्हणणाऱ्यांवर. माझ्या तिघांपैकी सगळ्यात जास्त ज्याला दिसलं, त्याला कोएन बंधूंचं नावही माहीत नव्हतं.

सिनेमा संपल्यावर त्याने खोक्याचा विषयच काढला नाही. मीच न राहवून विचारलं, तुला काय वाटतं, काय असेल आत? म्हणाला, 'डोकं असणार, दुसरं काय. पण ऐक, मागच्या महिन्यात माझ्याकडे एक क्लेम आला होता…'

मी म्हटलं, थांब, आधी तो समुद्रकिनाऱ्याचा शेवट सांगतो तुला.